घर उज्ज्वलाचे, मर्जी उज्ज्वलाची

मी, हिलाल धुडकू महाजन, वय वर्षे चौपन्न, धंदा यंत्रमाग-दुरुस्ती, मूळ राहणार तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम संतकृपा सोसायटी, गल्ली नंबर तीन, लिंबायत, सुरत, आज हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच पेनने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. जशवंतभाई देसाई यांनी मला तपासून दिला असून तो सोबत टाचला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि दुसऱ्याचे ऐकून मत बदलणारा माणूस मी नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. शेवटी एका व्यक्तीचे ऐकून दोन कलमे खोडावी लागली, पण ते त्या जागी येईल (ही ओळ मागाहून घातली).

माझे शाळेतले शिक्षण इयत्ता चौथी. पुढचे मी माझे मी केले. गुजराती दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, यंत्राचे नकाशे वाचायला जुन्या मागांबरोबर आलेल्या पुस्तिकांवरून शिकलो. या कागदात शुद्धलेखनाची चूक काढण्याआधी वाचणाऱ्याने शब्दकोश उघडून बघावा.

मृत्युपत्र लिहिण्याचे कारण असे की पुढच्या आठवड्यात अहमदाबादला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. मोठे डॉक्टर म्हणतात, काळजी नको. मीही मागमालकाला तेच म्हणतो आणि मग माग उघडतो. उघडल्यावर काय निघेल ते उघडणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसरे कारण मोठे आहे. माझी पत्नी मंगलाबाई सात वर्षांपूर्वी वारली. मला एकच अपत्य, मुलगी उज्ज्वला, वय पंचवीस. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "हिलालभाई, एकुलती मुलगी आहे, कायद्याने सगळे तिलाच मिळणार. मृत्युपत्राची माथापच्ची कशाला?" मी म्हणालो, साहेब, मिळेल तिलाच. पण तिचे कसे करायचे हे ठरवायला चार भली माणसे सतरंजीवर बसतील, चांगल्या मनाने ठरवतील, आणि तिला कोणी विचारणार नाही. त्या चार माणसांसाठी हा कागद आहे.

कलम पहिले. उज्ज्वलाविषयी

ही ओळख कोर्टाला लागत नसेल, पण मला लागते.

मी १९६६ साली सुरतेला आलो आणि उधन्याच्या एका खात्यात लागलो. इकडे मागाच्या कारखान्याला खाते म्हणतात. ज्याने चालते खाते ऐकले नाही त्याला सांगतो, तिथे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडले तरी पोचत नाही. म्हणून खात्यातली माणसे हाताने बोलतात. अंगठा आणि पहिले बोट चोळले की सुताची तार तुटली. कपाळावर आडवा हात म्हणजे सेठ आला. एवढ्यावर ते थांबत नाही. कोणाच्या सासूने काय म्हटले, कोणाचे लग्न मोडले, कोणी उसना घेतलेला सदरा परत केला नाही, हे सगळे या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांवर आणि ओठांवर चालते. मंगलाबाई त्याच खात्यात सुताच्या कांड्या भरायची. आमचे लग्न ठरले तेही दोन मागांच्या मधून, आणि नंतर मोठ्यांनी ठरवल्याचे दाखवले.

ही सवय घरीही सुटत नाही. जेवताना तोंडात घास असतो, हात मोकळा असतो. आमच्या गल्लीत तर सगळी खात्यातलीच माणसे. बायका या ओट्यावरून त्या ओट्यावर हातानेच बोलतात, कारण लहान मुले झोपलेली असतात.

अशा घरात उज्ज्वला जन्माला आली. मंगलाबाई तिला खात्यात घेऊन जायची, कांड्यांच्या टोपलीशेजारी बसवायची. पोर इतरांच्या आधी बोलायला लागली, म्हणजे हाताने. दोन वर्षांची असताना पाणी मागायची, तीन वर्षांची असताना चुगल्या करायची. तिला ऐकू येत नाही ही शंका आम्हाला आलीच नाही. यायचे कारणच नव्हते. हाक मारून ती वळली नाही तर आम्ही म्हणायचो, खेळात आहे.

मग एके दिवशी खात्याची लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. अशा वेळी काय होते, तर सगळी माणसे हात खाली टाकतात आणि तोंडाने बोलायला लागतात. तसेच झाले. कोणी शिवी दिली, कोणी चहाला चला म्हणाले. आणि मधोमध आमची पोर उभी राहून सगळ्यांच्या हातांकडे बघत होती. एका माणसासमोरून दुसऱ्यासमोर जात होती, त्यांचे हात धरून हलवत होती. तिला वाटले, सगळी माणसे एकाएकी गप्प झाली. मंगलाबाईने ते बघितले आणि टोपली टाकून तिच्याकडे धावली.

डॉक्टरांनी नंतर जे यंत्राने शोधले ते मंगलाबाईने लाइट गेल्यावर शोधले होते. उशीर झाला म्हणून आम्हाला लोकांनी पुष्कळ बोल लावले. मी ते मनावर घेत नाही. चार वर्षांपर्यंत जिचे बोलणे कुठे अडले नाही, तिच्यात काही कमी आहे हे कळायचे कसे?

कलम दुसरे. घर

वरील पत्त्यावरचे घर, म्हणजे खालची पुढची खोली, मागची खोली, मोरी, वरचा माळा आणि बाहेरचा ओटा, हे माझ्या स्वकमाईचे असून ते माझ्या पश्चात संपूर्णपणे उज्ज्वला हिलाल महाजन हिच्या मालकीचे होईल. पुढच्या खोलीतले शिलाई मशीन तिचेच आहे. ते सरकारी योजनेतून तिच्या नावाने मिळाले आहे, माझ्या मालमत्तेत धरू नये.

आता माझा धाकटा भाऊ हेमराज याच्याविषयी, कारण या कलमाचा सगळा गुंता त्याच्या चांगुलपणात आहे.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. ज्याला जी गाडी मिळाली ती धरून जो तो खानदेशात गेला. मी आणि उज्ज्वला हेमराजच्या घरी गेलो. त्याने आणि त्याच्या घरच्यांनी आम्हाला जसे ठेवले त्याला तोड नाही. पोरीला गरम भाकरी, पोरीला दूध, पोरीला उन्हात पाठवू नका, पोरीला काम सांगू नका. पण हाताने बोलणारे त्या घरात माझ्याशिवाय कोणी नाही. मी दिवसभर शेतावर. संध्याकाळी येऊन बघावे तर पोर ओसरीवर बसलेली, दोन्ही हात मांडीत, एकावर एक. गल्लीत तिचे हात कधी स्थिर बघितले नव्हते. माझ्याशीही बोलणे कमी झाले. काय झाले विचारले तर मान हलवायची, काही नाही.

त्या घरात तिच्याशी सगळे गोड वागले. एक माणूस तिच्याशी भांडला नाही. मला ते खटकत होते आणि का खटकते ते कळत नव्हते. सुरतेला परत आलो, कुलूप काढले, तेवढ्यात समोरच्या रुक्मिणीबाईने हातवारे करून उज्ज्वलाला विचारले, माझा ब्लाउज अर्धा शिवून पळालीस, आता घालू काय? आणि दोघींचे जे जुंपले ते मला चूल पेटेपर्यंत पुरले. पोरगी लालबुंद झाली होती, हात नुसते उडत होते. तेव्हा मला कळले.

हेमराजचे म्हणणे आजही तेच आहे. माझ्यानंतर घर विकावे, पैसे तिच्या नावे गावच्या बँकेत ठेवावेत आणि तिने त्याच्याकडे राहावे. परवा तो माझ्या ऑपरेशनसाठी आला तेव्हा आमच्या अहिराणीत पुन्हा म्हणाला, "भाऊ, पोर घरनी शे. आठे एकली कशी राही? मन्हाकडे काय उपाशी राही?"

मी म्हणालो, "उपाशी नई राही रे. पन बोली कोनासंगे?"

त्यावर त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही, थोरल्या भावापुढे हलवतात तशी.

हेमराजला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. यावरून कोणी दोघा भावांत वितुष्ट होते असा अर्थ काढू नये. गावच्या शेतातला माझा हिस्सा मी पूर्वीच हक्कसोड करून त्याला दिला आहे. या कागदात त्याला काही न देण्याचे कारण वेगळे आहे. वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. आणि मला साक्षीदार म्हणून हेमराजच पाहिजे. उद्या कोणीही उठून म्हणाले की मुकीच्या नावे घर कशाला, तर त्याला तिच्या सख्ख्या काकाची सही दिसली पाहिजे. सगळ्यांत मोठी वस्तू मी त्याच्याकडून घेतो आहे.

(मुकी हा शब्द मी इथे लोकांच्या तोंडचा म्हणून लिहिला. ती मुकी नाही. दिवसभर बोलते आणि समोरच्याला बोलू देत नाही.)

कलम तिसरे. हत्यारे आणि लाल दिवे

माझे सर्व पाने, पक्कड, हातोड्या, ड्रिल मशीन आणि लोखंडी पेटी हे शेजारी भाईदास यास द्यावे. भाईदास आणि मी एकाच खात्यात समोरासमोरच्या मागांवर उभे राहिलो आहोत. आम्ही दोघे आयुष्यात तोंडाने फार थोडे बोललो आणि हाताने पुष्कळ. तो पाना उलटा धरतो. मी सांगून दमलो. आता त्याचे त्याने बघावे.

हत्यारांबरोबर एक काम येते, ते त्याने नाकारू नये. उज्ज्वलाच्या दारावर घंटी उपयोगाची नाही म्हणून मी बाहेर एक दोरी बसवली. ती ओढली की आत लाल दिवा लागतो, सोडली की विझतो. तिचे बघून ज्या ज्या घरी ऐकू न येणारे माणूस आहे तिथे मी तसे दिवे बसवून दिले, लिंबायतमध्ये, उधन्यात आणि पांडेसऱ्याला. त्यांची देखभाल भाईदासने करावी. सूचना अशा:

दिवा पंधरा वॅटचा लाल घ्यावा. साठचा लावला की दचकायला होते. दोरी सुती नको, पावसात आखडते आणि दिवा लागलेलाच राहतो. एकदा तसा तो लागून राहिला तेव्हा उज्ज्वला सारखी दार उघडत राहिली आणि शेवटी कंटाळून दारातच खुर्ची टाकून बसली. नायलॉन घ्यावी, मासे धरायच्या जाळ्याची उत्तम. दोरीला टोकाला लाकडी मणी ओवावा, म्हणजे अंधारात हाताला लागतो. पोरे गंमत म्हणून ओढून पळतात. त्यांना रागवू नये. ज्या दाराची दोरी पोरे ओढतात ते दार गल्लीचे असते.

कलम चौथे. रुक्मिणीबाई

समोर राहणाऱ्या रुक्मिणीबाई यांनी बारा महिने माझ्या ओट्यावर पापड, कुरडया, मिरच्या आणि गाद्या वाळत घातल्या आहेत. मी अनेकदा हरकत घेतली. एकदा लेखी घेतली. त्यांनी त्या कागदावर मिरच्या वाळवल्या.

या मृत्युपत्रान्वये त्यांना सदर ओट्यावर वाळवण घालण्याचा हक्क त्यांच्या हयातीपर्यंत देण्यात येतो. उज्ज्वलाला हे कलम वाचायला दिले तेव्हा तिने हरकत घेतली नाही, फक्त गाद्या वगळा म्हणाली. गाद्या वगळल्या आहेत. रुक्मिणीबाईंनी उज्ज्वलाशी भांडणे पूर्ववत चालू ठेवावे. कीव करू नये.

कलम पाचवे. शाळेच्या बाई आणि कचेरीतले साहेब

उज्ज्वला सात वर्षांची असताना तिला शहरातल्या एका बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातले. तिथल्या बाई तळमळीच्या होत्या, पण त्यांचा नियम होता की मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानेच बोलायचे. हात हलवला की बोटांवर पट्टी. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही घरी हातवारे बंद करा. नाहीतर ही जगात कुठे चालणार नाही."

मी म्हणालो, "बाई, आमच्या जगात चालते. आमचे अख्खे खाते असेच चालते."

"जग म्हणजे खाते नाही, हिलालभाई."

 याचे उत्तर मला घरी येताना सुचले, पण तोपर्यंत बस सुटली होती. उत्तर असे होते की मग जगालाही थोडे शिकवा. हा कागद त्यांच्या वाचनात आला तर ते त्यांनी आता घ्यावे.

पण जे खरे ते खरे. उज्ज्वलाला गुजराती लिहायला-वाचायला त्या बाईंनी शिकवले. त्यावर मी घरी मराठी चढवली. आज ती वर्तमानपत्र वाचते आणि मला बातम्या सांगते. पट्टीचा राग मी इतकी वर्षे जपला, तो या कलमाने सोडतो. उज्ज्वलाने सोडला आहे की नाही ते तिचे तिने बघावे. माझे शिसवी लाकडाचे मोठे कपाट बाईंच्या शाळेला द्यावे. त्यांच्याकडे मुलांची पुस्तके खिडकीत ठेवलेली मी बघितली आहेत. कपाटाच्या डाव्या दाराला थोडे उचलून बंद करावे लागते.

अपंगांचा नवा कायदा आला त्या वर्षी मी उज्ज्वलाला घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो. तिथले साहेब फार भले. म्हणाले, बसा, चहा घ्या, अपंगांसाठी आता पुष्कळ सवलती आहेत. कपाटातून अर्ज काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. मग माझ्याकडे बघून हाताने म्हणाली, बाबा, हे मला टेलिफोनचे बूथ देतात.

मी साहेबांना सांगितले. साहेबांनी अर्ज बघितला, तिच्याकडे बघितले, आणि आधी ती हसली, मग साहेब हसले, मग शिपाई. साहेब म्हणाले, "बेन, माफ करजो, इकडे जो येतो त्याला आम्ही हेच देतो." मग त्यांनी स्वतः उठून दुसऱ्या टेबलावरून शिलाई मशीनचा अर्ज आणला आणि ते मशीन पावसाळ्याआधी घरात आले; तोवर ती भाड्याच्या मशीनवर शिवायची. साहेबांची बदली झाली आहे. ते कुठे भेटले तर उज्ज्वलाने त्यांच्या पत्नीचा एक ब्लाउज शिलाई न घेता शिवावा, ही माझी विनंती. सक्ती नाही.

कलम सहावे. रविवारची बैठक

खाती आता लिंबायत-उधन्यातून शहराबाहेर, सचिन आणि पलसाणा या गावांकडे निघाली आहेत. नवी पोरे हिऱ्यात जातात, साड्यांच्या मार्केटात जातात, हजीऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत जातात. त्यांना हाताने बोलायचे कारण राहिले नाही. आमची पिढी गेली की गल्लीचे हात खाली पडतील. मला भीती मरणाची एवढी नाही, याची आहे.

म्हणून तीन वर्षांपासून माझ्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी बैठक भरते. ज्यांच्या घरी ऐकू न येणारे मूल आहे ते आईबाप येतात. मूल आपोआप शिकते, त्याला शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते बापाला. बाप लाजतो. हात खिशात घालून उभा राहतो. त्याला भाईदास म्हणतो, "हात बाहेर काढा भाऊ, खिशात काय बोलता?" खात्यातले म्हातारे येऊन बसतात, एकमेकांच्या जुन्या चुगल्या सांगतात, आणि चुगली कळावी म्हणून सगळे लवकर शिकतात. मुलांच्या दाखल्यासाठी इस्पितळात कोणी सोबत जायचे, रेल्वेच्या सवलतीचा कागद कुठे मिळतो, हेही तिथेच ठरते. बैठकीला नाव नाही, पावती नाही, अध्यक्ष नाही. अध्यक्ष व्हायला दोघे जण तयार होते, त्यांना चहा करायला सांगितले, पुन्हा विषय निघाला नाही.

ही बैठक माझ्यानंतर चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. खोली उज्ज्वलाची असल्यामुळे परवानगी तिची घ्यावी.

कलम सातवे. खोडलेले
कलम आठवे. खोडलेले

वकीलसाहेबांनी आधीच सांगून ठेवले होते, खाडाखोड झाली तर बरी दिसत नाही, नवी कोरी प्रत काढा. मी काढली नाही. दुरुस्त केलेल्या मागावर वेल्डिंगचा डाग राहतो, तो झाकायचा नसतो, पुढच्या कारागिराला तो उपयोगी पडतो. दोन्ही कलमांवर रेघ मारून बाजूला मी सही केली आहे.

सातव्या कलमात मी लिहिले होते की माझ्या पश्चात भाईदास हा उज्ज्वलाचा पालक राहील आणि तिच्या व्यवहारांवर त्याची सही लागेल. आठव्यात लिहिले होते की हे घर तिला विकता येणार नाही आणि तिला या गल्लीतून कोणीही, कोणत्याही कारणाने हलवू नये. ही दोन कलमे लिहून मला फार बरे वाटले होते. सगळे नट घट्ट आवळल्यावर वाटते तसे.

आज रविवार, सकाळी बैठक न भरवता मी सर्वांना बोलावले. पुढच्या खोलीत हेमराज, भाईदास आणि देसाई डॉक्टरसाहेब असे बसले. उज्ज्वलाने कागद मशीनवर ठेवून पहिल्यापासून वाचला. मध्ये दोनदा हसली. सातव्यावर थांबली. आठव्यावर तिने कागद बाजूला सरकवला.

तिने भाईदासला विचारले, काका, तुमचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याचा पालक कोण?

भाईदासने हातानेच सांगितले, कोणी नाही, तो मोठा झाला.

मग ती माझ्याकडे वळली. तिचे म्हणणे मी जसेच्या तसे लिहितो. "बाबा, हलवू नये म्हणजे काय? मी कपाट आहे? हेमराजकाका मला गावी नेणार म्हणतात, तुम्ही मला इथे ठेवणार म्हणता. दोघे माझ्याबद्दल भांडता, मला कोणीच विचारत नाही. मला इथेच राहायचे आहे. पण उद्या गल्लीच उठून सचिनला गेली, तर मी रिकाम्या घरांना ब्लाउज शिवू? तेव्हा मी घर विकून लोक जिकडे जातील तिकडे जाईन. कुठे जायचे ते मी बघेन."

मी म्हणालो, लोक तुला फसवतील.

ती म्हणाली, "तुम्हाला नाही फसवले? मागच्या वर्षी खोटे बेअरिंग विकत घेऊन कोण आले?"

भाईदास हसू लपवायला तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरसाहेबांना काही कळले नव्हते, ते म्हणाले, शुं थयुं, शुं थयुं? त्यांना कोणी सांगितले नाही.

मी पेन काढले आणि दोन्ही कलमे खोडली. लोकांनी तिला विचारावे म्हणून मी हा कागद लिहायला बसलो, आणि कागद लिहिताना मीच तिला विचारले नाही. एवढे लिहून हा विषय मिटवतो.

त्या जागी पुढीलप्रमाणे वाचावे: उज्ज्वला सज्ञान आहे. तिचा पालक कोणी नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. घर ठेवणे, विकणे, भाड्याने देणे, लग्न करणे, न करणे, गावी जाणे, न जाणे, हे सर्व तिच्या मर्जीवर आहे. बँकेत, कचेरीत किंवा कोर्टात तिचे म्हणणे समजत नसेल तर समजणाऱ्याला बोलवावे. ती लिहूनही देऊ शकते. अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

कलम नववे. शिल्लक आणि शेवटचे

पोस्टात आणि बँकेत जे काही असेल ते उज्ज्वलाचे. ऑपरेशनमधून उरेल तेही तिचेच.

मी अहमदाबादला गेलो आणि तिकडेच संपलो तर बातमी आधी फोनवर डॉक्टरसाहेबांकडे येईल. त्यांनी ती भाईदासला सांगावी, आणि भाईदासने उज्ज्वलाला. गल्लीत आधी रडारड सुरू करू नये. तिला आवाज कळत नाही, पण माणसांचे चेहरे आमच्या सगळ्यांच्या आधी कळतात, आणि कारण कळल्याशिवाय चेहरे बघत राहणे फार वाईट. भाईदासने उजेडात उभे राहावे, दार मागे असू नये, उजेड त्याच्या हातांवर पडावा. तिचे हात धरू नयेत. तिला बोलायला ते लागतील.

कलम दहावे. साक्षीदारांबद्दल

कागद पुरा झाल्यावर मी तो हेमराजपुढे ठेवला. त्याने चष्मा लावून सगळा वाचला. दुसरे कलम दोनदा वाचले. मग म्हणाला, "भाऊ, तुन्हं लिखेल समदं समजनं. पन मी पोरले एकदा इचारू का? सही नंतर करसू."

मी म्हणालो, विचार. मी मध्ये बोलणार नाही.

त्याने तिच्याकडे बघून सावकाश विचारले, "उज्ज्वला, मन्हा घर तुले काय कमी पडनं व?" भाईदासने ते हाताने तिला सांगितले.

 तिने जे सांगितले ते भाईदास तोंडाने बोलत गेला. "काही कमी पडले नाही, काका. काकूने रोज पहिली भाकरी मला वाढली. एक दिवस भाजी खारट झाली होती. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, खा, खा. मी खाल्ली. तुमच्या घरात इतके लोक, आणि भाजी खारट आहे एवढे सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हते."

हेमराज भाईदासच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याच्या लक्षात आले आणि तो तिच्याकडे वळला.

"खारट व्हती?" तो म्हणाला.

तिने बोटांनी चिमूट दाखवली, मग सगळी मूठ दाखवली. तेवढे त्याला भाईदासशिवाय कळले.

येथे माझे लिहिणे संपले. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र आहे. यापूर्वी लिहायची वेळ आली नव्हती, यानंतर हात सुधारून बघण्याची माझी इच्छा नाही.

ठिकाण: लिंबायत, सुरत
दिनांक: ४ ऑक्टोबर १९९८, रविवार

(सही) हिलाल धुडकू महाजन

साक्षीदार पहिले: डॉ. जशवंत देसाई, राहणार उधना, सुरत. हिलालभाईंनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत आणि नेहमीइतकेच हट्टी आहेत.
(सही)

साक्षीदार दुसरे: मी, हेमराज धुडकू महाजन, धंदा शेती, हिलालभाऊचा सख्खा धाकटा भाऊ. भाऊने माझ्यासमोर सही केली. वरचा मजकूर मी स्वतः वाचला. भाऊचे म्हणणे मला सकाळपर्यंत पटले नव्हते. ही पोर माझ्या घरची आहे, हे मी जन्मभर म्हणत आलो, आणि आज तिचे बोलणे मला शेजाऱ्याने समजावून सांगावे लागले. म्हणून सही करतो.
(सही) हेमराज धुडकू महाजन